डॉक्टरांनी काढलेली दोन पोटं

कापलेलं पोट कुठे टाकतात, हे मला डॉक्टरांना विचारायचं होतं. विचारलं नाही.

सुरतेच्या त्या दवाखान्यात मी खुर्चीच्या कडेवर बसले होते. पूर्ण मागे सरकले की खुर्चीचे हात मांड्यांना रुतत होते. समोर डॉक्टर, एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला सून. डॉक्टरांनी कोऱ्या कागदावर दोन पोटं काढली. पहिलं पोट त्यांनी पेनाने उभं कापलं आणि मोठा भाग रेघा मारून काढून टाकला. उरलं ते केळ्यासारखं लांबट. याला स्लीव म्हणतात, असं ते म्हणाले. दुसऱ्या चित्रात त्यांनी पोटाच्या वरच्या टोकाला लिंबाएवढी थैली वेगळी केली, खालून आतडं उचलून आणलं आणि त्या थैलीला जोडलं. हा बायपास. बाकीचं मोठं पोट चित्रात तसंच राहिलं, बाजूला, कुणी न बोलावलेल्या पाहुण्यासारखं.

मी पहिल्या चित्रातल्या रेघा मारलेल्या भागाकडे बघत होते. तो माझ्या अंगातला भाग. तो काढला की कुठे जाणार? कचऱ्यात? जाळतात? पण एवढ्या शिकलेल्या माणसाला असलं कसं विचारायचं, म्हणून गप्प बसले.

मुलगा सुरतेला कापडाच्या कंपनीत आहे, उधन्याच्या बाजूला राहतो. त्याच्या कंपनीच्या विम्यात आईबापही बसतात, आणि म्हणूनच ही गोष्ट इथपर्यंत आली. नाहीतर आमच्या गावात वजन कमी करायला कुणी पोट कापून घेत नाही. नंदुरबारच्या डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं की साखर गोळ्यांना ऐकत नाही, गुडघे झिजले आहेत, आणि हे सगळं वजनामुळे आहे. माझ्या आईचा पाय साखरेने गेला. आधी बोटं गेली, मग पाऊल. शेवटी ती ओट्यावर बसून राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारायची. मागच्या पावसाळ्यात माझ्या अंगठ्याला चप्पल लागली. ती जखम दिवाळीपर्यंत बरी झाली नाही, तेव्हा मला आईचा ओटा दिसायला लागला. म्हणून मी सुरतेला यायला हो म्हटलं. ऑपरेशन करायचं हे ठरलं होतं. कोणतं करायचं हे ठरत नव्हतं.

डॉक्टर हिंदी बोलायचे, मधेच गुजराती. मला 'बा' म्हणायचे. त्यांनी खूप प्रश्न विचारले. घोरता का, चालताना दम लागतो का, तंबाखू आहे का, गोड किती खाता. छातीत जळजळ होते का, आंबट पाणी वर येतं का, हेही विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं.

खोटं बोलायचं म्हणून नाही म्हटलं नव्हतं. आमच्याकडे जळजळ सांगायची गोष्ट नसते. माझं माहेर मिरचीचं आणि सासरही मिरचीचं. दिवाळी झाली की लाल मिरची पथारीवर येते. मोकळ्या जमिनीवर मिरचीचे लाल वाफे पसरलेले असतात आणि आम्ही बाया रांगेने बसून देठ खुडतो. नाकातोंडाला फडकं बांधलं तरी मिरची आत जाते. हात जळतात, डोळे जळतात, छाती जळते. प्रत्येकीच्या पदराला गुळाचा खडा बांधलेला असतो. जळायला लागलं की खडा तोंडात. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या दिवशी विळ्याच्या आधी गूळ दिला होता. तेव्हा, जळतं का असं कुणी विचारलं तर आम्हाला ते 'तुम्ही श्वास घेता का' असं विचारल्यासारखं वाटतं.

डॉक्टर म्हणाले, जळजळ नसेल तर दोन्ही चालतील. स्लीव साधं असतं, वेळ कमी लागतो. बायपासने साखर जास्त ताब्यात येते, पण गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात, आणि गोड खाल्लं तर शरीर लगेच शिक्षा देतं. स्लीव केलं की कापलेलं परत लावता येत नाही. मुलाने विचारलं की तुम्ही काय सुचवाल. डॉक्टरांनी पेन माझ्याकडे केलं.

"पेट बा का है. बा बोलेगी."

मी त्या पेनाकडे बघत राहिले. आयुष्यात मला असं कुणी काही विचारलेलं नव्हतं. नवरा बापाने पाहिला, शेतात काय लावायचं ते सासऱ्यांनी आणि नंतर नवऱ्याने ठरवलं, मुलाची शाळा मुलानेच ठरवली. मी फार तर भाजी ठरवली, तीही घरात काय आहे ते बघून. डॉक्टर म्हणाले, घरी जा, विचार करा, पुढच्या वेळी येताना सांगा.

गाडीत खिडकीजवळ बसून मी दोन्ही पोटं मनात परत काढली. मला समजायला आपलं शेत लागतं. स्लीव म्हणजे वावराचा मोठा तुकडा कायमचा गेला, एक लांब पट्टी राहिली. बायपास म्हणजे पाटाची जुनी चारी बंद करून नवीन चारी पुढे काढली, मधलं वावर कोरडं ठेवलं. वावर आहे पण पाणी नाही. यातलं कुठलं बरं? शेतकऱ्याला विचारलं तर तो दोन्हींना नाही म्हणेल.

घरी आल्यावर नवऱ्यालाही तसंच सांगितलं. ते ओट्यावर बसून बैलाच्या दोरीला गाठ मारत होते. हसले.

"फाट्यावर रस्ताना बायपास व्हयना तव्हय सगळा हॉटेलवाला उपाशी मरनात. तुन्हा पोटना बायपास करीसन कोन उपाशी मरी?"

मी म्हटलं, मीच. त्यावर ते हसायचे थांबले. नंतर म्हणाले की काहीच नको करू, जशी शे तशी ऱ्हाय. मला ते ऐकून बरं वाटलं आणि रागही आला. जशी आहे तशी राहिले तर माझा पाय राहणार नाही. हे त्यांना माहीत आहे, पण त्यांना ऑपरेशनचं भय वाटतं, म्हणून ते प्रेमाने बोलतात.

सून फोनवरून रोज नवीन काही पाठवायची. तिसरा प्रकार निघाला, त्याला मिनी बायपास म्हणतात. चौथ्यात पोटात फुगा सोडतात आणि काही महिन्यांनी काढतात. पाचव्यात पोटाला पट्टा बांधतात, पण तो आता फार कुणी बांधत नाही. मी चौथी शिकलेली, वाचता येतं, पण व्हिडिओत बाया इतक्या भराभरा बोलतात की एक संपायच्या आत दुसरी सुरू होते. एक म्हणते स्लीवने माझं जीवन बदललं. तिच्या खालची म्हणते बायपासने माझं जीवन बदललं. दोघी बारीक, दोघी हसतात. सुनेला मी फोनवर म्हटलं की आता पाठवू नको, माझं डोकं पिकलं. ती बिचारी म्हणाली, आत्या, तुम्हीच तर म्हणालात समजून घ्यायचं आहे.

मग नवऱ्याने उपाय काढला. म्हणाले, फोनमधल्या बाया कोण, कुठल्या, काय माहीत. आपल्या माणसांना विचारू. त्यांच्या बहिणीचे यजमान म्हसावदला असतात. त्यांचं बायपास झालेलं होतं. हे आम्हाला माहीत होतं, पण त्यांनी सगळ्यांना पित्ताच्या खड्याचं ऑपरेशन सांगितलं होतं, म्हणून कुणी विचारत नव्हतं.

आम्ही म्हसावदला गेलो. नंदोई पूर्वी दारातून तिरके आत यायचे, आता शर्ट अंगात हलत होता. त्यांनी नवऱ्याला बाजूला बसवलं आणि मलाच सांगायला लागले. मी पदर पुढे ओढून ऐकत होते.

"वैनी, आइका. बायपासच करा. मन्ही इन्सुलिननी सुई सुटनी."

आतून, चुलीजवळून, नणंद म्हणाली, "सुई सुटनी आन गोळ्या चिकटन्यात."

ते तिच्याकडे न बघता बोलत राहिले. सकाळी कोणती गोळी, दुपारी कोणती, रक्त कधी तपासायचं. गुडघेदुखीची गोळी मनाने घ्यायची नाही, आतल्या शिलाईला जखम होते. जेवताना पाणी प्यायचं नाही. घास बारीक चावायचा. नणंद चहा घेऊन बाहेर आली. तिने त्यांच्यासमोर पाव कप ठेवला आणि तिला जे सांगायचं होतं ते सांगायला बसली. पुतण्याच्या लग्नात त्यांनी लपून एक जिलबी खाल्ली. पाच मिनिटांत घामाने भिजले, छाती धडधडायला लागली, मांडवातच आडवे झाले. लोकांना वाटलं हृदयाचा झटका.

"नवरदेवले सोडीसन सगळा यासलेच वारा घाली ऱ्हायंतात," नणंद म्हणाली. "नवरी मांडवमा उभी, आन वऱ्हाड मन्हा नवरापाशी."

सगळे हसले, नंदोईही हसले. पण मला त्या जिलबीत माझा गूळ दिसला. माझ्या पदराला तेव्हाही खडा होता. परत येताना मी तो हाताने चाचपत होते. आमच्याकडे गूळ हे काही गोड खाणं नाही, ते औषध आहे. ते खाल्लं की मी पथारीवर घाम फुटून पडणार का? मग छाती जळाली की काय करायचं? मी मनात म्हटलं, बायपास नको, स्लीव करू. एक दिवस असं ठरलेलं राहिलं आणि फार हलकं वाटलं.

दुसरं माणूस विसरवाडीचं होतं. सुनेची मावशी, म्हणजे नात्याने माझी विहीणच. तिचं हायवेवर हॉटेल आहे, ट्रकवाले जेवायला थांबतात. तिने स्लीव केलं होतं आणि ती कुणापासून लपवत नव्हती. उलट हॉटेलात आधीचा फोटो लावला होता, तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, फोटोत नवरा अर्धाच दिसायचा.

विहिणीकडे जायचं म्हणजे टोमणे खायचे, हे आमच्यात ठरलेलंच असतं. ती गल्ल्यावरून उठली.

"या, या ईहीणबाई. तुमनाकरता दार मोठं करी ठेवेल शे."

मला अशी उत्तरं घरी आल्यावर सुचतात. सून माझ्याबरोबर होती, सुरतेहून मुद्दाम आली होती, ती म्हणाली, मावशी, दार तुझ्यावेळचंच आहे ना. मावशी खूप हसली आणि मला आत घेऊन गेली.

तिने सगळं चांगलं सांगितलं. अर्धी भाकरी पुरते. एक गोळी. गुडघे मोकळे. सहा वार साडी आता पाच वेळा फिरते. ती आपल्या पोटावर हात मारून दाखवायची, जसा कुणी नवीन घराच्या भिंतीवर मारतो. मी मान हलवत होते आणि मनात स्लीव पक्कं होत होतं. विहिणीपुढे कुणी आपलं दुखणं काढत नाही, हे मला माहीत होतं, तरी ती इतकी आनंदात होती की मला वाटलं आत काही लपलेलं नसेल.

हात धुवायला मागच्या खोलीत गेले तेव्हा तिचा पलंग दिसला. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा लावलेल्या होत्या. वर गादी गुंडाळून उशीच्या जागी ठेवलेली, त्यावर दोन उशा. झोपायचा पलंग नव्हता तो, टेकून बसायचा होता. मी बघत उभी राहिले, तेवढ्यात ती मागून आली. तिने दार लोटलं.

"कोनले सांगू नको," ती म्हणाली. तिची मघाची अहो-जाहो गेली होती. "आडी पडनू का आंबट पाणी नरडामा येस. कव्हय नाकथून येस. तिखट ते सोड, चहाबी जळस."

मी विचारलं, आधीपासून होतं का.

"पहिले नही वं. पहिले मी दगड खाये ते बी पची जाये. हाई ऑपरेशनना नंतर."

ती म्हणाली, डॉक्टर गोळ्या देतात, थोडं बरं वाटतं. आणि हेही म्हणाली की पुन्हा निवडायचं झालं तर मी तेच निवडीन, कारण चालता येतं. पुन्हा बाहेर आल्यावर तिने मला मुद्दाम जोरात विचारलं की ईहीणबाई, एक पापड तरी खाणार की नाही, की दार पुरणार नाही. सगळे हसले. मीही हसले.

पण बसमध्ये मला बसवेना. ती जे सांगत होती ते मला नवीन नव्हतं. आडवं झालं की आंबट पाणी गळ्याशी येणं, नाकात चढणं, डोक्याखाली गोधड्या रचून झोपणं, हे सगळं मी कितीतरी वर्षं करते. मी मिरचीच्या रिकाम्या बारदानांची घडी करून डोक्याखाली घेते, वर गोधडी. मला वाटायचं मिरचीवाल्या घरातल्या सगळ्या बाया अशाच झोपतात. आता ही बाई, हॉटेलवाली, तिला ते ऑपरेशनने झालं आणि ती दुखणं म्हणते. मग माझं काय आहे? माझं मिरचीचं असेल तर डॉक्टरांना सांगायची गरज नाही. आणि मिरचीचं नसेल तर मी डॉक्टरांना नाही का म्हटलं? आणि ज्या ऑपरेशनने न जळणारीला जळायला लागलं, ते जळणारीने केलं तर काय होईल?

बायपास म्हटलं तर गूळ जातो. स्लीव म्हटलं तर जळणं वाढतं. काही नाही म्हटलं तर आईचा ओटा. तीन वाटा आणि तिन्हींवर मी उभी. मला हे कुणाशी बोलता येत नव्हतं. बोलायला लागले की शब्द गळ्याशी थांबतात, लोक तोंडाकडे बघतात. लिहिताना कुणी बघत नाही, म्हणून हे लिहून काढते आहे, नाहीतर मला सवय नाही.

दुसऱ्या दिवशी पथारीवर गेले. गुडघ्यांमुळे मी खाली बसत नाही, पाटावर पाट ठेवून बसते. बाजूला आमच्या गल्लीतली म्हातारी होती, जिच्याजवळ मी लग्नापासून बसते. मिरची वाळत आली होती, देठ कटकट तुटत होते. पलीकडे कुणाला ठसका लागला, तिने गूळ तोंडात टाकला. मी बराच वेळ धीर धरला. मग म्हातारीलाच हळू विचारलं, मिरची नसते तेव्हा तुम्हाला छातीत जळतं का. पावसाळ्यात, आषाढात.

म्हातारी म्हणाली, "मिरची गई का जळणं गयं. आखाजीले ते मी रस-पोळी खाईसन उतानी झोपस."

पुढच्या बाईने ऐकलं. तीही म्हणाली, हंगाम सरला की थांबतं. तिसरीने सांगितलं तिला छातीत जळतच नाही, फक्त हात जळतात, गूळ ती नुसता आवडतो म्हणून खाते. सगळ्या हसल्या. मी खाली बघून देठ खुडत राहिले. मी आठवत होते. आषाढात जळतं. भर उन्हाळ्यात, घरात एक मिरची नसताना जळतं. मुलाकडे सुरतेला राहिले होते, तिथे सून तिखट घालत नाही, तिथेही जळत होतं. तिथे मी गूळ मागितला होता आणि सुनेने लाडाने आणून दिला होता. हे सगळं माझ्याच अंगात झालेलं, आणि मी ते कधी एकापुढे एक ठेवून पाहिलं नव्हतं.

म्हातारीचे हात थांबले होते. "तुले बारा महिना जळस का वं?"

मी मानेने हो म्हटलं.

"मंग ते मिरचीनं नही," ती म्हणाली. "ते तुन्हं शे."

तिने परत देठ खुडायला सुरुवात केली. मला रडू आलं असावं, पण पथारीवर ते कळत नाही. तिथे सगळ्यांच्याच डोळ्यांना पाणी असतं.

सकाळी चहा पिताना मी नवऱ्याला सांगितलं की मला बारा महिने जळतं. ते म्हणाले की मी बसल्यासारखी झोपते हे त्यांना पहिल्यापासून माहीत आहे. त्यांना वाटायचं अंगामुळे दम लागतो. मला वाटायचं मिरचीमुळे. एकाच खोलीत झोपून दोघांनी दोन वेगळी कारणं धरली होती आणि दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. ते म्हणाले, डॉक्टरांना सांग. मी म्हटलं, तुम्हीच सांगा. ते म्हणाले, "मन्हं पोट नही ते."

सुरतेला परत गेलो. यावेळी मुलानेच आधी बोलायला सुरुवात केली. घरात बोलणं होऊन सगळ्यांनी स्लीवच धरलं होतं, कारण साधं असतं आणि मावशीचं चांगलं झालं आहे. मावशीच्या विटा कुणाला माहीत नव्हत्या. मी शब्द दिला होता, म्हणून मी सांगितल्या नव्हत्या. मुलगा म्हणत होता, डॉक्टरसाहेब, स्लीव ही कर देते हैं. डॉक्टर लिहायला लागले. मला कळलं की आता नाही बोलले तर ते लिहून होईल.

"जळस," मी म्हटलं.

आवाज इतका लहान आला की मुलाने वळून विचारलं, काय. मी परत म्हटलं, "छातीमा जळस. बारा महिना. आडी पडनू का आंबट पाणी येस."

डॉक्टरांना भाषांतर लागलं नाही, गुजरातीही तशीच असते. त्यांनी पेन खाली ठेवलं. मागच्या वेळी ना म्हणालात, असं ते म्हणाले. रागावले नव्हते. मी सांगितलं की तेव्हा ते मिरचीचं आहे असं वाटलं. मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याला पथारी माहीत आहे, लहानपणी माझ्या शेजारी बसून तोही गूळ खायचा.

डॉक्टर म्हणाले की दुर्बीण ऑपरेशनच्या आधी करायचीच होती, ती आता लवकर करू. दुसऱ्या दिवशी उपाशी पोटी तोंडातून नळी घातली. त्यातलं मला फार आठवत नाही, गुंगी दिली होती. नंतर डॉक्टरांनी पुन्हा कागद घेतला. पोटाचा वरचा भाग छाती आणि पोटामधल्या पडद्याच्या फटीतून छातीत थोडा चढला आहे आणि अन्ननळीला आंबटाने जखमा झाल्या आहेत, असं त्यांनी काढून दाखवलं. अशा माणसाचं स्लीव करणार नाही, म्हणाले. जळणं आणखी वाढू शकतं. बायपासने ते कमी व्हायची आशा असते आणि साखरेलाही ते चांगलं. पण बायपासचं जे आहे ते आहेच. गोळ्या, तपासण्या, गोड बंद. मला तेव्हा नंदोई, नणंद, पाव कप चहा, घामाने भिजलेला शर्ट असं सगळं दिसलं.

"अब बोलो, बा," ते म्हणाले.

मला वाटलं होतं दुर्बिणीनंतर तेच सांगतील आणि मी सुटेन. त्यांनी जवळजवळ सांगितलंच होतं. तरी शेवटचं बोट माझ्याकडेच होतं. मला एकदम पहिल्या दिवशीचा प्रश्न आठवला. तो मी विचारला. अहिराणीतच विचारला, कारण हिंदीत तो आला नसता.

"कापेल पोट कोठे टाकतस?"

सुनेने तोंडाला रुमाल लावला. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, स्लीवमध्ये काढलेला भाग तपासणीला जातो, नंतर दवाखान्याच्या नियमाने त्याची विल्हेवाट लागते. बायपासमध्ये काही काढून टाकत नाहीत. जुनं पोट आतच राहतं. मी विचारलं, मग त्याला भूक लागेल का. त्यांनी कागदावरच्या पोटावर पेन टेकवलं. मग म्हणाले, ते आपलं काम करत राहील, रस करील, तो रस खाली जाऊन अन्नाला मिळेल. ते रिकामं बसणार नाही.

म्हणजे वावर कोरडं नाही, मला वाटलं. पाणी वेगळ्या वाटेने जाऊन खाली एक होतं.

"मंग दुसरं," मी म्हटलं. "दुसरं चित्र."

आता तारीख ठरली आहे. मिरचीचा हंगाम उरकला की. गावी परत आले तरी डोकं स्वच्छ झालेलं नाही. मी निवडलं, की मिरची निवडून गेली, की म्हातारीने? विहिणीला चालता येतं आणि ती बसून झोपते, तिने चुकीचं केलं असं मला म्हणता येत नाही. नंदोई बरे आहेत आणि जिलबीला भितात. मी कोणासारखी होईन? रोज सकाळी वाटतं बरोबर आहे, आणि जेवायला बसले की वाटतं उगाच होकार दिला. डॉक्टरांनी गूळ आतापासूनच बंद केला आहे. जळणं कमी करायची गोळी दिली आहे, तिने काही दिवस खूप बरं वाटतं. मग भीती वाटते की बरं वाटतंय तर कापून का घ्यायचं. परवा नवऱ्याने बारदानांची घडी काढून घेतली आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडाचे ठोकळे लावून दिले. मला विसरवाडीच्या विटा आठवल्या.

काल पथारीवर बातमी पोचलेली होती. बाया विचारत होत्या की काय काय असतं, कुठून कापतात, कोणतं करणार. मी सगळं सांगू शकले नाही. म्हातारीने पदराची गाठ सोडून सवयीने मला खडा पुढे केला, मग तिला आठवलं आणि तिने तो आपल्याच तोंडात टाकला.

"कोनतं करी ऱ्हायनी मंग?" तिने विचारलं.

नावं मला माहीत आहेत, पण ती तिथे सांगायला लाज वाटली.

"जेमा फेकत नहीत ते," मी म्हटलं.

म्हातारीला ते पटलं. "मंग बरं शे," ती गूळ चघळत म्हणाली. "आपलं आपलापाशीच ऱ्हास."

मला अजून कळत नाही की एवढ्यासाठी माणसाने ऑपरेशन निवडावं का. पण तिला सांगताना माझा आवाज अडला नाही. मी पुढची मूठ मिरची ओढली आणि देठ खुडायला लागले.